चौथी खाच

आमच्या तीनचाकीचा आवाज आईला पाटाच्या पुलापासूनच ओळखू यायचा. पुलाच्या अलीकडं रस्त्यात एक खोल खड्डा होता. मागचं चाक त्यात गेलं की हौद्याच्या फळ्या, साखळ्या, रिकामी खोकी असं सगळं एकदम आदळायचं. तो आवाज आला की आई तवा चुलीवर ठेवायची, आणि मी दारात पोचेपर्यंत पहिली भाकरी तव्यावरून उतरलेली असायची. गाडी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, श्रीरामपुरातल्या एका सोडावॉटरवाल्याकडून जुनीच घेतली होती. पुढं एक चाक, मागं दोन, स्कूटरसारखा हँडल आणि पाठीमागं फळ्यांचा हौदा. हौद्याच्या बाजूवर सोडावॉटरची निळी अक्षरं अर्धवट पुसलेली होती, ती तात्यांनी कधी रंगवून घेतली नाहीत. आमच्या बागेतली आणि शेजारच्या दोन-तीन बागांतली मोसंबी खोक्यांत भरून श्रीरामपूरच्या स्टेशनावर न्यायची आणि येताना पेंड, खत, कुणाचं काही सामान आणायचं, हे तिचं काम. पहिल्या वर्षी कॉलेजात नापास होऊन मी घरी बसलो होतो, त्यामुळं ती चालवायचं काम माझं.

ती वर्षं कोरडी होती. पाटाला पाणी आठवड्यामागून आठवडे यायचं नाही, आणि आलं तरी बागेच्या वरच्या ओळीच भिजायच्या. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना आईचा जीव मेटाकुटीला यायचा. ती कडेनं चिरायची, आणि गार झाली की कातड्यासारखी व्हायची. हुलगे मात्र घरचे होते. म्हणून आठवड्यातून दोनदा शेंगोळी असायची, लसणाची झणझणीत, आणि तो वास पार गोठ्यापर्यंत जायचा. संध्याकाळी लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू आला की तात्या अंगणातल्या बाजेवर येऊन बसत. ते फार बोलत नसत. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडं येत, आणि ते बाजेवर बसून दोन्ही बाजू ऐकून घेत. एकदा तात्यांनी निवाडा दिला की पुन्हा कुणी तो विषय काढत नसे. हे सगळं लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की पुढं जे झालं ते याच अंगणात झालं.

आक्का, माझी थोरली बहीण, दहा मैलांवरच्या गावात दिलेली होती. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. एसटीच्या थांब्यापासून तिचं घर लांब आणि बैलगाडीचा रस्ता वाईट. तिनं निरोप पाठवला होता की आईच्या हातची शेंगोळी खावीशी वाटतात आणि मला लवकर न्या. तात्या म्हणाले, तीनचाकीतून आणू. आई म्हणाली, त्या गाडीत मोसंबी फुटतात, पोटुशी पोर कशी बसंल. आणि ते खरंच होतं. गाडीच्या मागच्या स्प्रिंगा थकलेल्या होत्या, शॉकअपमधून तेल गळायचं. खोक्यातल्या तळाच्या मोसंब्यांना रोज डाग पडायचे. तात्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाले, किसनकडं घेऊन जा, काय होतंय बघ म्हणावं.

किसन मिस्त्रीचं दुकान फाट्यावर होतं. चार पत्रे, एक गॅसवेल्डिंगची टाकी आणि समोर पाण्याचा हौद. ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकून आलेले, त्यामुळं त्यांच्या दुकानात प्रत्येक पाना खिळ्यावर आपल्या जागी असायचा. शॉक ॲब्सॉर्बर हा पूर्ण शब्द पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय कुणी उच्चारत नसे. वयानं तात्यांच्याच बरोबरीचे असतील, पण तात्या त्यांना अरे-तुरे करत आणि ते तात्यांना अहो-जाहो. मिस्त्रींचं घर बौद्ध. गावानं मात्र तो शब्द अजून तोंडात घेतला नव्हता, मागचंच नाव चालायचं. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. मीही कधी त्यांचा उल्लेख 'किसन मिस्त्री' असा करायचो, कधी नुसता 'किसन'.

त्यांनी गाडीखाली पाठीवर झोपून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की जुन्या स्प्रिंगा दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मोठ्या मोटारसायकलीची शॉकअपं घालू. त्या शॉकअपची गंमत अशी होती की तेलाची नळी आत आणि तिच्याभोवतीच स्प्रिंगचं वेटोळं, दोन्ही मिळून एकच वस्तू. ही आपल्या गाडीची नव्हेत, कंपनीनं ती आपल्यासाठी बनवली नाहीत, तेव्हा ती बसवायला जागा आपणच करायची, असं ते म्हणाले. आठवड्यानं त्यांनी पुण्याहून जोडी आणवली. पिवळ्या तेलकट कागदात गुंडाळलेली ती जोडी मी हातात घेतली तेव्हा तिच्या वजनाचं मला नवल वाटलं.

बसवायला पूर्ण दिवस लागला आणि मी दिवसभर तिथंच होतो. मागच्या प्रत्येक चाकाला एक लोखंडी हात होता, तो वरखाली हलायचा. शॉकअपचं खालचं टोक त्या हाताला आणि वरचं टोक गाडीच्या सांगाड्याला, अशी त्यांची बेतणी. सांगाड्यावर जाड पत्र्याचे कान त्यांनी स्वतः कापून काढले, कानशीनं घासले, ओळंबा सोडून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते तीन-तीनदा पाहिलं आणि मगच वेल्डिंगची बत्ती पेटवली. टाके गार झाल्यावर हातोडीनं ठोकून प्रत्येकाचा आवाज ऐकला. बोल्टात रबराचे बुश, वर खाचेचा नट आणि नटात पिन. त्यांनी एकही गोष्ट घाईनं केली नाही. मी पाना द्यायचो, बोल्ट धरायचो, आणि दुपारनंतर त्यांनी उजव्या बाजूचे नट मलाच आवळायला सांगितले. मी आवळलेले त्यांनी तपासले आणि म्हणाले, हात चांगला हाय तुझा. मी नापास होऊन आल्यापासून माझ्याविषयी कुणी बरं बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीचा तोल बसवायला ते आमच्या घरी आले. शॉकअपच्या खालच्या बाजूला एक रिंग होती, तिला पायऱ्यांसारख्या पाच खाचा. आकड्यासारख्या वाकड्या पान्यानं रिंग फिरवली की स्प्रिंग दाबली जायची. खाच जितकी वरची तितकी गाडी ताठ आणि उंच. खालची ठेवली तर मऊ. त्यांनी हौद्यात मिलोची दोन पोती ठेवायला लावली, पोत्यांवर गोधडी टाकून आईला बसवलं. आई लाजून हसत होती. मग एका काठीवर खडूनं खूण करून त्यांनी दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची मोजली. आधी तिसऱ्या खाचेवर ठेवून पाहिलं, मग पोटुशी बाई बसायची आहे म्हणून दोन्हीकडं दुसरी खाच केली आणि सांगाड्यावर तांबड्या रंगानं दोन्ही बाजूंना 'दोन' असा आकडा काढला. मला जवळ बोलावून म्हणाले, "रिंग दोन्हीकडं सारखीच पायजे. येक वर, येक खाली झाली तर गाडी वळनावर कलंडंल. महिन्याभरानं स्प्रिंगा बसल्या की मी येऊन बघतो. तवर हात लावू नको." वाकडा पाना मात्र त्यांनी माझ्याकडंच दिला, गाडीतच असू दे म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता.

काम झाल्यावर आईनं चहा केला. मिस्त्रींचा कप आमच्याकडं वेगळा होता, कान तुटलेला, ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. तो त्यांनी स्वतः उचलायचा, विसळायचा, पुढं धरायचा. त्या दिवशी कोनाड्याकडं पाहून ते म्हणाले, चहा मी आत्ताच घेऊन आलोय. आदल्या दिवशी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या हातातला पाना माझ्या हातात घेऊन मी काम केलं होतं, आणि तरी त्या कपाकडं पाहून मला काहीच वाटलं नाही. आज हे लिहिताना पहिल्यांदा हात थांबतो तो इथं.

गाडी एकदम वेगळी झाली. पुलाजवळचा खड्डा आला की ती नुसती डुलायची. आईला आवाज येईना, त्यामुळं मी दारात पोचलो तरी चूल थंड असायची आणि ती म्हणायची, आता तुझं येणं कळतच न्हाई. मी खूश होतो. पण दहा-बारा दिवसांनी मोसंबीची खोकी भरून मी फाट्यावरच्या हॉटेलापाशी थांबलो असताना कॉलेजातला एक सोबती भेटला. त्याच्या चुलत्याची नवी मोटारसायकल त्याच्या बुडाखाली होती. त्यानं माझ्या गाडीकडं मागून पाहिलं आणि म्हणाला, तुमची म्हैस बसलीय की रे. हॉटेलातले चार जण हसले. खोक्यांच्या वजनानं गाडी मागून दबलेली होती, एवढंच. मऊ ठेवलेली गाडी भरल्यावर दबणारच, हे मला ठाऊक होतं. पण दोन दिवसांनी आक्काला आणायला जायचं होतं. दाजींच्या गावात, त्यांच्या घरासमोर, सगळ्यांदेखत मी असा बसक्या गाडीतून उतरणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

आदल्या दिवशी दुपारी गोठ्यामागं गाडी लावून मी पाना काढला. डाव्या बाजूची रिंग सहज फिरली, एक खाच, दोन खाचा. चौथ्यावर नेऊन मी उठून पाहिलं तर ती बाजू कशी रुबाबात उचलली गेली होती. उजव्या बाजूच्या रिंगेत चिखल वाळून घट्ट बसला होता. मी पाना अडकवून जोर लावला, पाना निसटला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं सांगाड्याच्या कडेवर घासून सोलून निघाली. रक्त आलं. मी फडकं गुंडाळलं, पुन्हा एकदा जोर लावून पाहिला, रिंग हलली नाही. तेवढ्यात तात्यांनी हाक मारली. मी मनाशी म्हणालो, संध्याकाळी चिखल काढून ही बाजू करू. संध्याकाळी मी केली नाही. विसरलो म्हटलं तर ते खोटं होईल. कंटाळा केला, आणि गाडी जराशी उजवीकडं कललेली होती तर हौद्यात डावीकडं दगड ठेवून ती सरळ दिसेल असं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी गेलो. दाजींच्या घरी जेवण झालं, आक्काची ओटी भरली, आणि दुपार कलल्यावर आम्ही निघालो. गोधड्यांना जागा हवी म्हणून ते दगड मी तिथंच उतरवून ठेवले. हौद्यात गोधड्या, त्यावर आक्का आणि तिला धरून आई. रिकाम्या रस्त्यावर गाडी चांगली पळत होती. आई मागून दोनदा म्हणाली, हळू घे रे. मी ऐकलं आणि वेग कमी केला नाही. पाटाच्या कडेनं रस्ता येतो तिथं एक डावीकडचं वळण आहे. मी हँडल वळवला आणि गाडी उजवीकडं झुकली. नेहमी झुकायची त्याच्यापुढं ती झुकतच गेली, डाव्या बाजूचं चाक जमिनीवरून सुटलेलं मला हँडलमध्ये कळलं. मग आम्ही पाटाच्या भरावावर आडवे झालेले होतो. पाटात पाणी नव्हतं हे आमचं नशीब. आई उठून बसली, तिच्या कपाळाला खोक पडली होती. आक्का उजव्या कोपरावर पडली होती. ती ओरडली नाही. डाव्या हातानं पोट घट्ट धरून ती एवढंच विचारत राहिली, "बाळ हलतंय का गं आई? तू बघ, मला कळंना."

बाळ हलत होतं. श्रीरामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली. पण आक्काचं कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं आणि डॉक्टर म्हणाले, हा हात पहिल्यासारखा वाकेल याची खात्री देता येत नाही. लोक जमले, विचारू लागले, कसं झालं. मी म्हणालो, वळणावर मागनं काहीतरी सुटल्यासारखं झालं. मला कुणी शिकवलं नव्हतं हे वाक्य. ते आपोआप तोंडातून आलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ते पुरं केलं की मोटारसायकलची शॉकअपं तीनचाकीला लावल्यावर दुसरं काय होणार, टाका सुटला असेल. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की किसन मिस्त्रीच्या वेल्डिंगनं तात्यांची लेक मरता मरता वाचली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यात आले. दारातच उभे राहिले. आई त्यांना म्हणाली, तुम्ही जा. आक्का कण्हत होती, तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "झडतील तुझं हात." माझी बहीण कधी कुणाला असं बोललेली मी ऐकलं नव्हतं. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते म्हणाले, गाडी कुठं हाय, मी बघतो.

गाडी बैलं लावून आमच्या अंगणात ओढून आणली होती. मी तिच्याजवळ गेलो नव्हतो. रिंग सारखी करून ठेवायला मला दोन दिवस मिळाले होते आणि तेवढंही धैर्य मला झालं नाही. कुणी पाहील याचीच भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. तात्या बाजेवर, भोवती गावातले सात-आठ जण. मिस्त्रींनी खाली बसून अंगठ्यानं चिखल पुसला, एक बाजू पाहिली, मग दुसरी. उठून तात्यांसमोर आले. "तात्या, टाका येकबी सुटल्याला न्हाई. डावीकडची रिंग चौथ्या खाचंवर हाय, उजवीकडची दोनवर. मी दोन्ही दोनवर सोडल्या हुत्या, तांबड्या रंगानं लिवलंय. कुनीतरी फिरवलीय."

तात्यांनी मला समोर बोलावलं. सगळ्यांदेखत विचारलं, "तू हात लावला हुता?"

"न्हाई," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्या हाताकडं पाहिलं. बोटांवरच्या खपल्या तशाच होत्या. सगळ्यांना वाटत होतं ते अपघातात लागलंय. मिस्त्रींनी असल्या खपल्या आयुष्यभर पाहिल्या असतील, स्वतःच्याही हातावर. ते हळूच म्हणाले, "येकदा आठवून सांग पोरा. राग न्हाई धरायचा कुनी."

"आठवूनच सांगतोय. मी रिंगंला हात लावला न्हाई."

बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, आता पोरावर ढकलायला लागला. दुसरा त्याहून वाईट बोलला, मिस्त्रींच्या जातीवरनं. ते शब्द मी इथं लिहीत नाही. मिस्त्री तात्यांकडं पाहत होते. तात्यांनी नेहमीसारख्या दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं नाही, कुणाला पाहायला सांगितलं नाही. म्हणाले, "किसन, तू जा आता." मिस्त्रींनी पिशवी उचलली. जाताना एवढंच म्हणाले की वेल्डिंग कुणालाही दाखवा, श्रीरामपूरचा मोठा मिस्त्री आणून दाखवा. ते कुणी दाखवलं नाही.

त्यांच्या दुकानात गाड्या यायच्या बंद झाल्या. आधी आमच्या गावच्या, मग आजूबाजूच्या. तीन-चार महिन्यांत त्यांनी पत्रे उतरवले आणि बायको-मुलांना घेऊन ते नगरला गेले, एका ट्रकवाल्याच्या गॅरेजात नोकरीला. मी फाट्यावरून जायचो तेव्हा जमिनीत चार खांबांचे खड्डे दिसायचे.

गाडीचा वाकलेला पत्रा गावातल्या लोहारानं सरळ करून दिला. त्यानं खालच्या कशाला हात लावला नव्हता. महिन्याभरानं मी पहिल्यांदा ती चालवायला घेतली तेव्हा खाली वाकून पाहिलं. दोन्ही रिंगा दुसऱ्या खाचेवर होत्या. मी सीट उचलून पाहिली. पाना सीटखाली मी ठेवला होता, तो तिथं नव्हता. पुढं एकदा जमिनीचे कागद काढायला तात्यांची पेटी उघडली तेव्हा तो त्यात सापडला, धोतराच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलेला. जन्मात कधी पाना न धरलेल्या माझ्या वडिलांनी, घरात कुणी नसताना, गाडीखाली जाऊन ती डावी रिंग दोन खाचा उतरवली होती. म्हणजे त्यांना कळलं होतं. अंगणातच कळलं होतं की नंतर, ते मला आजही माहीत नाही. ते मला काही बोलले नाहीत, मी त्यांना काही बोललो नाही. आम्ही ताटाला ताट लावून जेवत होतो. फक्त गावातले लोक भांडण घेऊन आले की ते आता म्हणायचे, दुसऱ्या कुणाकडं तरी जा.

आक्काला मुलगी झाली, धडधाकट. बाळंतपणानंतर ती सासरी गेली, पण उजवं कोपर काटकोनात धरल्यासारखं राहिलं. पीठ मळताना, वेणी घालताना ती अंगच वळवायची. पुढच्या वर्षीच्या भाऊबीजेला ती आली. आईनं पाट मांडला, आक्कानं ताट उचललं आणि उजव्या हातानं ते माझ्या तोंडाभोवती फिरवायला गेली. हात वर होईना. दोनदा प्रयत्न केला, तेल सांडलं. मग हसून म्हणाली, चालतंय रे, देवाला समजतं, आणि ताट डाव्या हातात घेऊन तिनं मला ओवाळलं. मी पाटावरून उठलो. गोठ्यामागं, जिथं मी रिंग फिरवली होती तिथं तिला घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. कॉलेजातल्या सोबत्यापासून सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला मारेल. तिनं एकच प्रश्न विचारला, तात्यांना ठाऊक हाय का. मी म्हणालो, हाय.

ती सरळ घरात गेली. तात्या जेवायला बसले होते. तिनं त्यांना विचारलं आणि ते नाही म्हणाले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "पोरगं हुतं माझं. काय करायचं हुतं मी?"

"मी कोन हुते?" आक्का म्हणाली. "मला त्या मानसाच्या तोंडावर काय बोलाया लावलंत तुमी दोघांनी, ठाऊक हाय का तुमाला?"

तात्या ताटावरून उठले. आई दारात उभी होती, तिचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. भाकरी वाढायची, पण मी ताटावर बसलो की ती चुलीकडं तोंड करून बसायची.

गावात खरी गोष्ट सांगितली ती आक्कानं, मी नाही. पाणवठ्यावर, सोसायटीच्या दुकानापाशी, जिथं चार माणसं दिसली तिथं ती उभी राहून सांगायची, माझ्या भावानं केलंय, मिस्त्रींचा काही गुन्हा नव्हता. लोक ऐकून घेत. म्हणत, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. ज्यानं अंगणात जातीवरनं शब्द काढला होता त्यानं तर तिला सांगितलं की तुझा भाऊ भोळा आहे, उगाच स्वतःवर घेतोय. मला हे ऐकू यायचं आणि मी जाऊन म्हणायला हवं होतं की नाही, मीच. पुढं तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलं. उसाची गाडी काट्यावर आली की ती कुठल्या बाजूला झुकली आहे ते मला लांबून दिसायचं, आणि लोक माझ्या नजरेचं कौतुक करायचे. नगरला मी एकदा गेलोही होतो. त्या गॅरेजासमोरच्या बाजूला उभं राहून मिस्त्रींना एका ट्रकखालून बाहेर येताना पाहिलं. केस पिकले होते. ते हात पुसत माझ्या दिशेनं पाहत होते असं वाटलं, म्हणून मी वळलो आणि आलेल्या पहिल्या एसटीत चढलो. ती कुठं जाणारी आहे हेही पाहिलं नव्हतं.

आक्का मात्र त्या भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मिस्त्रींकडं गेली. हॉटेलवाल्याकडून तिनं पत्ता काढला, सकाळच्या एसटीनं नगरला जायला निघाली. मुलगी कडेवर, डाव्या बाजूला. मी थांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेलो आणि म्हणालो, मी येतो तुझ्यासंगं. ती म्हणाली, "तू नको येऊस. तुझं तू बघ. मी माझ्यासाठी चाललेय." एसटी आली, तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि कंडक्टरनं तिला हाताला धरून वर घेतलं.

ती दिवेलागणीला परत आली. मी थांब्यावरच होतो. मुलगी खांद्यावर झोपलेली होती. रस्त्यानं येताना मी विचारलं, मिस्त्री भेटले का. भेटले म्हणाली. बायको, पोरं, सगळी होती. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पडू दिलं न्हाई. जेवायला बसवलं, वांग्याची भाजी केली हुती. कोपर किती वाकतंय ते हात धरून बघितलं, रोज कोमट तेल लावून थोडं थोडं हालवायला सांगितलं. धाकट्या पोरानं शाळेत नंबर काढलाय. एवढं सांगून ती पुढं चालू लागली. घर जवळ आलं तसं मला राहवेना. मी विचारलं, "आन माझ्याबद्दल काय म्हनले?"

तिनं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, दुखऱ्या हाताला जपत.

"तुझं नाव निघालं न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.